हुलकावणी आणि लबाडी : मेनोत्तींच्या फुटबॉलची फेरतपासणी

फुटबॉल म्हणजे वेळ, जागा आणि हुलकावणी, असे सेसार लुईस मेनोत्ती आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचा तिसरा शब्द स्पॅनिशमध्ये ‘एन्गान्यो’ असा आहे. शब्दकोश उघडला तर त्याचा अर्थ ‘फसवणूक’ असा मिळतो. पण तो घेऊन पुढे गेले तर वाट चुकते. खांदा डावीकडे झुकवून चेंडू उजवीकडे न्यायचा, पास देणार असे भासवून क्षणभर थांबायचे, तीन जणांना स्वतःकडे ओढून चौथ्या सहकाऱ्याला मोकळे करायचे, हे सारे त्यांना अभिप्रेत होते. खो-खो पाहिलेल्या मराठी माणसाला यासाठी ‘हुलकावणी’ हा शब्द सहज सुचेल, आणि इथे तोच बरोबर बसतो. मेनोत्तींनी आंखेल काप्पा यांच्यासह लिहिलेले पुस्तक १९८६ साली निघाले. त्याचे नाव ‘फुत्बोल सिन त्राम्पा’, म्हणजे लबाडीविना फुटबॉल. हुलकावणी हवी, लबाडी नको; प्रतिस्पर्ध्याला चेंडूने चकवा, नियमाने किंवा पंचाच्या नजरेआड चकवू नका. त्यांच्या सगळ्या विचाराचा कणा हा एवढाच आहे.

प्रश्न असा की त्यांची कारकीर्द या कण्यावर उभी राहते का. मेनोत्तींविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक दोन टोकांचे असते. एका टोकाला ते सुंदर खेळाचे संत आहेत. दुसऱ्या टोकाला ते लष्करशहांना विश्वचषक मिळवून देणारे, डाव्या विचारांचा झगा घातलेले सोयीस्कर गृहस्थ आहेत. दोन्ही बाजू त्यांची वाक्ये उद्धृत करतात, पण त्यांचे सामने फारसे कोणी पाहत नाही. मी मैदानावरचा माणूस नाही, स्पॅनिशही शब्दकोशाच्या आधाराने वाचतो. पण १९७८चे ते सामने आता पूर्ण पाहायला मिळतात, आणि बोलणे व खेळ समोरासमोर ठेवून पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

आधी एक खुलासा. आपल्याकडे अर्जेंटिना घराघरांत पोचली ती १९८६ साली, दूरदर्शनवर, मॅराडोनाच्या पायांवर. तो संघ मेनोत्तींचा नव्हता. तो त्यांचे कट्टर विरोधक कार्लोस बिलार्दो यांचा होता. (बिलार्दो त्याआधी, १९८४ साली, नेहरू चषकासाठी अर्जेंटिनाचा संघ घेऊन कोलकात्याला येऊन गेले होते, आणि भारत त्यांच्याशी एकाच गोलाने हरला होता.) म्हणजे ज्या अर्जेंटिनावर आपण प्रेम केले, तिला मेनोत्ती ‘आपली’ म्हणायला फारसे राजी नसत. या भांडणाचे मूळ त्या दोघांच्याही आधीचे आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्युनॉस आयर्सच्या ‘एल ग्राफिको’ या साप्ताहिकाने एक सिद्धान्त घडवला. इंग्रजांचा फुटबॉल यंत्रासारखा, शाळेच्या मैदानावर शिस्तीने शिकलेला. आमचा फुटबॉल मात्र मोकळ्या पडीक जागेत, ‘पोत्रेरो’त, अनवाणी पोराच्या पायात जन्मलेला. या खेळाला नाव पडले ‘ला नुएस्त्रा’, म्हणजे ‘आपला’. हे लिहिणारा प्रमुख पत्रकार बोरोकोतो मुळात उरुग्वेचा, ही त्यातली गंमत. ‘आपला’ खेळ हा असा निम्मा मैदानावर आणि निम्मा छापखान्यात घडला. मानववंशशास्त्रज्ञ एदुआर्दो आर्चेत्ती यांनी हे सविस्तर दाखवून दिले आहे. १९५८ साली स्वीडनमधल्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाचा ६-१ असा धुव्वा उडवला आणि ही श्रद्धा कोसळली. परतलेल्या संघावर विमानतळावर लोकांनी नाणी फेकली. त्यानंतरचे दशक उलट्या दिशेने गेले. धावा, अडवा, मोजा, रोखा. त्या वळणाचे टोक म्हणजे ओस्वाल्दो सुबेल्दिया यांचा एस्तुदियांतेस संघ. त्याने १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन वर्षे कोपा लिबर्तादोरेस जिंकली. प्रतिस्पर्ध्यांची खासगी माहिती काढून त्यांना मैदानात डिवचण्याच्या त्याच्या कथा आजही सांगतात. त्या संघाच्या मधल्या फळीत एक डॉक्टर होता, स्त्रीरोगतज्ज्ञ. तेच बिलार्दो.

मेनोत्ती १९३८ साली रोसारिओत जन्मले. चे गव्हेराचे आणि पुढे मेस्सीचे जन्मगाव तेच. उंच, काटकुळे, म्हणून ‘एल फ्लाको’. रोसारिओ सेंत्राल, रासिंग, बोका असे क्लब करत ते न्यूयॉर्कला गेले आणि १९६८ साली ब्राझिलच्या सांतोसमध्ये पेलेच्या सोबतीला पोचले. खेळाडू म्हणून ते मोठे नव्हते. पायात कसब होते, पण धावण्याचा कंटाळा होता असे त्यांच्याविषयी सांगत, आणि त्यांनी ते कधी फारसे नाकारले नाही. पेलेचा शेजार आणि १९७०चा ब्राझिल संघ यांनी मात्र त्यांचे डोळे उघडले. त्यांनी ब्राझिलमध्ये पाहिलेला ‘सुंदर’ खेळ ढिला नव्हता. त्यामागे कमालीची शारीरिक तयारी होती. हा मुद्दा त्यांचे भक्त विसरतात.

१९७३ साली त्यांनी उराकान या क्लबला विजेतेपद मिळवून दिले. पार्के पात्रिसिओस या कामगारवस्तीतला हा क्लब. नावाचा अर्थ वादळ. व्यावसायिक फुटबॉल सुरू झाल्यापासून या क्लबने लीगचे विजेतेपद मिळवले ते एकदाच, त्या वर्षी. ब्रिंदिसी, बाबिंग्टन, लारोसा आणि उजव्या कडेला रेने हाउसमन. हाउसमन बाहो बेलग्रानोच्या झोपडवस्तीतून आलेला, मोजे घोट्याशी उतरलेले, कधी कुठे वळेल ते त्यालाही ठाऊक नसावे असा. रोसारिओ सेंत्रालला त्यांच्याच घरी या संघाने ५-० हरवले तेव्हा रोसारिओच्या प्रेक्षकांनी पाहुण्यांना टाळ्या दिल्या, अशी आठवण त्या संघातले सांगत. माझ्या मते मेनोत्तींचे बोलणे आणि त्यांचा खेळ पूर्णपणे जुळले ते फक्त इथे. राष्ट्र, झेंडा, सेनापती यांपैकी कोणी मध्ये नव्हते. एक वस्ती होती आणि एक मैदान.

१९७४च्या विश्वचषकात नेदरलँड्सने अर्जेंटिनाला ४-० असे चिरडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेनोत्ती राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. त्यांच्या सगळ्या कामात टिकाऊ काय, असे विचारले तर मी पुढची चार वर्षे सांगेन, आणि त्यांविषयी सगळ्यांत कमी लिहिले गेले आहे. तोवर राष्ट्रीय संघ म्हणजे स्पर्धेपूर्वी घाईने जमवलेली मंडळी. मेनोत्तींनी चार वर्षांचा कार्यक्रम मागितला. निवडलेल्या खेळाडूंना विश्वचषकापर्यंत परदेशी क्लबांना विकू नये असा आग्रह धरला. राजधानीबाहेरच्या प्रांतांतल्या खेळाडूंचा एक वेगळा संघच उभा केला. आर्दिलेस, लुईस गाल्वान, व्हालेन्सिया ही कोर्दोबाच्या क्लबांत घडलेली माणसे त्याआधी राजधानीच्या नजरेत पुरेशी भरत नव्हती. ‘आपला’ खेळ हा ब्युनॉस आयर्सचा खेळ असे गृहीत धरले जाई. मेनोत्तींनी तो अर्जेंटिनाचा केला. १९७८च्या संघात परदेशातून आला तो एकच, व्हालेन्सिया क्लबचा मारिओ केम्पेस.

आता खेळ. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली होती, विश्वचषकाची व्यवस्था नौदलाच्या कार्लोस लाकोस्ते यांच्या हाती गेली होती, ते सारे पुढे येईलच. क्षणभर फक्त मैदान पाहू. मेनोत्तींच्या बोलण्यावरून ज्याची कल्पना केली असेल तो संघ १९७८च्या फितीत दिसत नाही. ‘ला पाउसा’, म्हणजे चेंडू पायाखाली ठेवून घेतलेला तो संथ श्वास, फार थोड्या वेळा दिसतो. दिसतो तो वेग. बचावफळी पुढे सरकवून मैदान आखूड करायचे, प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, चेंडू मिळताच दोन्ही कडांनी धावत सुटायचे. केम्पेस मागून येतो आणि बचावात भोक पाडून जातो. हा संघ १९७४च्या डच संघाचा चांगला विद्यार्थी आहे. मेनोत्तींना हे माहीत होते, तयारी त्यांनीच करून घेतली होती. पण सांगताना मात्र त्यांनी पोत्रेरोतल्या पोराचीच गोष्ट सांगितली. जिंकल्यानंतर त्यांनी म्हटले की आपल्या हुशार, गुणी खेळाडूंनी डावपेचांच्या हुकूमशाहीचा आणि पद्धतींच्या दहशतीचा पराभव केला. हुकूमशाही आणि दहशत हे शब्द त्या वर्षी, त्या शहरात, डावपेचांसाठी वापरले जावेत याचे त्यांच्या चाहत्यांना कौतुक वाटते; त्यात झाकलेला टोला आहे असे ते म्हणतात. असेलही. मला ते वाचताना दर वेळी अस्वस्थ वाटते.

आणि लबाडी? पहिल्या फेरीत इटलीने अर्जेंटिनाला १-० हरवले, म्हणून पुढचे सामने रोसारिओत गेले. १४ जूनला पोलंडविरुद्ध अर्जेंटिना १-० पुढे असताना गोलरेषेवर उभ्या केम्पेसने गोलात जाणारा चेंडू चक्क हाताने अडवला. नियमाप्रमाणे पेनल्टी मिळाली, ती गोलरक्षक फिजोलने थोपवली, आणि केम्पेसने पुढे दुसरा गोलही केला. १९८६ साली मॅराडोनाचा हात जगभर गाजला, त्यावर ग्रंथ लिहिले गेले आणि तो बिलार्दो घराण्याच्या खात्यावर जमा झाला. आठ वर्षांपूर्वीचा केम्पेसचा हात कोणाच्याच खात्यावर नाही. दोन्हींत फरक आहे, हे मान्य. केम्पेसचा हात पंचाने पाहिला आणि शिक्षा दिली, मॅराडोनाचा पंचाला दिसलाच नाही. पण ‘लबाडीविना’ अशी पाटी लावायची तर हा हात मोजावा लागेल.

अंतिम सामन्याची सुरुवात तर सरळच त्राम्पाची. अर्जेंटिनाचा संघ मैदानावर उशिरा आला, डच खेळाडू त्या गर्जनेत ताटकळत उभे. मग रेने व्हान दे केर्खोफच्या मनगटावरच्या प्लास्टरवर हरकत घेतली गेली. आधीचे सामने तो तसाच खेळला होता. डच संघ मैदान सोडून जायच्या बेतात आला, अखेर प्लास्टरवर आणखी पट्टी गुंडाळून खेळ सुरू झाला. सुबेल्दियांच्या एस्तुदियांतेसने हेच केले असते तर मेनोत्तींनी त्यावर एक प्रकरण लिहिले असते.

पेरूविरुद्धचा ६-० हा निकाल मी इथे उगाळणार नाही, पण टाळताही येणार नाही. ब्राझिलचा पोलंडशी सामना आधी संपला होता, त्यामुळे अंतिम फेरीसाठी चार गोलांच्या फरकाने जिंकायला हवे, हे अर्जेंटिनाला मैदानात उतरतानाच माहीत होते. सामन्यापूर्वी हुकूमशहा व्हिदेला हेन्री किसिंजर यांना घेऊन आपल्या खोलीत आले, असे पेरूच्या खेळाडूंनी नंतर सांगितले. सौदा झाल्याचे आरोप अनेक झाले, सिद्ध एकही झाला नाही. फीत पाहिली तर सुरुवातीला पेरूचा एक फटका गोलखांबाला लागलेला दिसतो, आणि उत्तरार्धात खचलेला पेरूचा संघही दिसतो. खचणे आणि विकले जाणे यांतला फरक कॅमेरा सांगू शकत नाही. मेनोत्तींच्या संदर्भात मला वेगळे महत्त्वाचे वाटते. ज्या विजयात प्रतिस्पर्ध्याच्या खोलीत राष्ट्राध्यक्ष जाऊन येतो, तो विजय स्वच्छ होता की नाही हे ठरवण्याचा अधिकार प्रशिक्षकाच्या हातातून तिथेच निसटलेला असतो. संघाने कितीही प्रामाणिकपणे सहा गोल केले असले तरी.

मैदानापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर नौदलाची यांत्रिकी शाळा होती, ‘एस्मा’. ती छळछावणी होती. तिथे डांबलेल्यांना मोनुमेंताल मैदानातला जल्लोष ऐकू येत होता. तिथून जिवंत सुटलेल्या एका स्त्रीने पुढे सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. अंतिम सामना जिंकल्याच्या रात्री अधिकाऱ्यांनी काही कैद्यांना गाडीत घालून रस्त्यांवरचा उत्सव दाखवायला नेले. गाडीच्या छतातून डोके बाहेर काढून तिने ती नाचणारी गर्दी पाहिली. आपण ‘बेपत्ता’ आहोत असे आत्ता ओरडून सांगितले तरी कोणी लक्ष देणार नाही, हे तिला कळून चुकले. त्या राजवटीतल्या बेपत्ता माणसांची अधिकृत चौकशी समितीने नोंदलेली संख्या नऊ हजारांच्या जवळ जाते. मानवाधिकार संघटना तीस हजार म्हणतात.

मेनोत्ती कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. मग हा विरोधाभास कसा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर वाटते त्याहून रुक्ष आहे. अर्जेंटिनाच्या कम्युनिस्ट पक्षाने त्या काळात व्हिदेलांना लष्करातले मवाळ मानले आणि त्यांच्याविरुद्ध थेट उभे राहणे टाळले. ही पक्षाचीच भूमिका होती. त्यामुळे त्यांचा डावेपणा आणि त्यांची नोकरी यांत त्यांना स्वतःला फार मोठी दरी दिसली नसावी. कट्टर डावा माणूस लष्करशहांकडे गेला, ही नाट्यमय गोष्ट म्हणून थोडी खोटी आहे. पक्षाच्या सदस्याने पक्षासारखेच केले.

मेनोत्तींचा स्वतःचा बचाव याहून चांगला आहे. अंतिम सामन्यापूर्वी आपण खेळाडूंना सांगितले की मान्यवरांच्या कक्षाकडे पाहू नका, उभ्या प्रेक्षकांकडे पाहा, तिथे तुमचे बाप, तुमचे शेजारी, कामगार बसले आहेत, त्यांच्यासाठी खेळा, असे ते पुढे सांगत. हा बचाव मी हसण्यावारी नेणार नाही. त्याला पुरावाही आहे, आणि तो मोठा गमतीदार आहे. रेडिओवरचे सर्वांत वजनदार निवेदक होसे मारिया मुन्योस यांनी लोकांना विनवले की मैदानात कागदाचे कपटे उधळू नका, जगात आपली शोभा होईल. त्यावर ‘क्लारिन’ दैनिकात कालोई या व्यंगचित्रकाराचे क्लेमेन्ते नावाचे बिनहाताचे पात्र रोज उठून सांगू लागले, उधळा रे, भरपूर उधळा! आणि लोकांनी असे कपटे उधळले की मोनुमेंतालची हिरवळ पांढरी झाली. गर्दी सत्तेची नव्हती, गर्दी स्वतःची होती, हे मेनोत्तींचे म्हणणे त्या कागदाच्या पावसात खरे ठरते.

पण तेवढ्याने भागत नाही. त्या राजवटीला लोकांनी व्हिदेलांचा जयघोष करावा अशी गरज नव्हती. लोकांनी रस्त्यावर येऊन नाचावे एवढेच पुरे होते. खेळ लोकांचा आहे, त्याला सत्तेचा स्पर्श होत नाही, ही मेनोत्तींची श्रद्धाच राजवटीच्या कामी आली. स्वच्छ आनंद हवा होता, आणि तो मेनोत्तींच्या संघाइतका दुसऱ्या कोणी दिला नसता.

साहित्याच्या वाचकांना इथे बोर्हेस आठवतील. त्यांना फुटबॉलचा तिटकारा. अर्जेंटिनाचा पहिला सामना सुरू असताना त्याच वेळी त्यांनी अमरत्वावर व्याख्यान ठेवले, अशी गोष्ट सांगितली जाते. पण १९७६ साली सत्तापालटानंतर दोन महिन्यांत याच बोर्हेस यांनी आणि एर्नेस्तो साबातो यांनी व्हिदेलांसोबत भोजन केले होते. १९८० साली बेपत्ता माणसांच्या याद्या जाहीर करा अशी मागणी करणारे निवेदन ‘क्लारिन’मध्ये छापून आले, तेव्हा त्याखालच्या सह्यांत बोर्हेस होते, साबातो होते आणि मेनोत्तीही होते. त्या वेळी ते राष्ट्रीय प्रशिक्षक होते, म्हणजे या सहीत धोका होता. आपला वापर झाला हेही त्यांनी पुढे मान्य केले. मग बोर्हेस यांना आपण त्या भोजनापलीकडे वाचतो, तसे मेनोत्तींना का वाचू नये? माझे उत्तर असे की बोर्हेस यांच्या उत्तम कथा त्या भोजनाच्या तीस वर्षे आधी लिहून झाल्या होत्या, त्यांचे प्रकाशन लष्कराने केले नव्हते. मेनोत्तींची सर्वांत गाजलेली कृती लष्कराने भरवलेल्या समारंभातच घडली आणि तिथेच संपली. कला की जीवन हा वाद मराठीत आपण पुष्कळ घातला. पण दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर पुस्तक होते, स्टेडियम नव्हते.

याच ठिकाणी होर्हे कारास्कोसा या माणसाचे नाव घ्यायला हवे. मेनोत्तींवरच्या लेखांत ते फार तर एका ओळीत येते. १९७३च्या उराकानचा हा डावा बचावपटू मेनोत्तींचा आवडता आणि त्यांच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार. विश्वचषक तोंडावर असताना, १९७७ साली, त्याने राष्ट्रीय संघ सोडला. मेनोत्तींनी मन वळवून पाहिले, तो वळला नाही. पुढे वर्षानुवर्षे लोकांनी त्याच्या नकाराला राजकीय अर्थ लावला. त्याने स्वतः तो मोठ्याने कधी लावला नाही. काहीही करून जिंकायचेच, या फुटबॉलमध्ये आपल्याला राहायचे नव्हते, अशा आशयाचे तो बोलला. म्हणजे मेनोत्तींचीच शिकवण. ती त्याने मेनोत्तींपेक्षा अक्षरशः घेतली, एवढेच. चषक व्हिदेलांच्या हातून पासारेलाने घेतला. सगळे सुरळीत गेले असते तर तिथे कारास्कोसा उभा असता.

हाउसमनची गोष्ट आणखी छोटी आहे. तो १९७८च्या संघात होता, पेरूविरुद्धचा एक गोल त्याचा. विश्वचषकासाठी शहर पाहुण्यांना दिसायला नीट हवे म्हणून झोपडवस्त्या हटवल्या गेल्या, त्यांत बाहो बेलग्रानोची त्याची वस्तीही गेली. पोत्रेरोतल्या पोराचे गुणगान करणाऱ्या विश्वचषकाने पोत्रेरोच उखडला.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. १९७९ साली तोक्योतल्या युवा विश्वचषकात मॅराडोना आणि रामोन दियास यांना घेऊन जिंकलेला संघ हा मेनोत्तींचा सर्वांत देखणा संघ, असे पुष्कळ जण म्हणतात. सतरा वर्षांच्या मॅराडोनाला १९७८च्या संघातून वगळल्याचे ओझे त्यात थोडे उतरले. १९८२ साली स्पेनला गेलेला संघ युद्ध चालू असताना गेला. सलामीला बेल्जियमकडून हरला ती तारीख १३ जून, आणि दुसऱ्या दिवशी माल्विनास बेटांवर अर्जेंटिनाने शरणागती पत्करली. मायदेशी सांगितले जात होते त्याहून युद्धाचे चित्र वेगळे आहे, हे खेळाडूंना स्पेनच्या वृत्तपत्रांतून कळले. पुढे इटली आणि ब्राझिल दोघांकडून हार. मग बार्सिलोना; तिथे १९८३चा राजाचा चषक, आणि सराव दुपारी ठेवण्याची ती प्रसिद्ध तऱ्हा, जी रात्री जागणाऱ्या मॅराडोनाला फारच मानवली. त्यानंतर अॅटलेटिको माद्रिद, रिव्हर, पेन्यारोल, मेक्सिकोचा राष्ट्रीय संघ, बोका, इंदिपेंदिएंते, इटलीत साम्पदोरियाचे काही आठवडे. मोठे विजेतेपद पुन्हा नाही. कुठे मालकाने काढले, कुठे स्वतः निघाले. सिगारेट आणि मुलाखती मात्र चालू राहिल्या.

आणि मुलाखतींतच बिलार्दोंशी युद्ध रंगले. १९८३ साली राष्ट्रीय संघ बिलार्दोंकडे गेला, १९८६ला त्यांनी जिंकून दाखवले, आणि देशातला प्रत्येक चहाटळ मनुष्य एक तर ‘मेनोतिस्ता’ झाला किंवा ‘बिलार्दिस्ता’. मेनोत्तींनी यालाच डावा फुटबॉल आणि उजवा फुटबॉल असे नाव दिले. डावा फुटबॉल उदार, लोकांना आनंद देणारा; उजवा कंजूष, जीवन म्हणजे फक्त झुंज असे सांगणारा. ही त्यांची सर्वांत लोकप्रिय कल्पना. मला ती सर्वांत कच्ची वाटते. बिलार्दोंच्या १९८६च्या संघाने इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाला जी मोकळी जागा दिली, ती कंजूष संघ देत नाही. आणि १९७८चा वेगवान, दमछाक करणारा संघ कोणत्या खात्यात घालायचा? संघ हे मतदार नसतात. घराणे म्हणून दोन्हींचे वेगळेपण सांगता येते, बंदिश कशी उलगडायची याबद्दल खरा मतभेद आहे. पण त्याला राजकीय पक्षांची नावे दिली की १९७८ हे वर्ष कपाटात लपवावे लागते.

तरीही त्यांच्या शब्दांनी काम केले, हे नाकारता येणार नाही. खोर्खे व्हाल्दानोसारखा खेळाडू-लेखक त्यांच्याच ऋणात आहे. प्रशिक्षक होण्याआधी पेप ग्वार्दिओला अर्जेंटिनाला गेले तेव्हा ज्यांना आवर्जून भेटले त्यांत मेनोत्ती होते. फुटबॉलविषयी, तो एखाद्या नाटकासारखा किंवा गाण्यासारखा गंभीर विषय आहे असे मानून बोलायची भाषा त्यांनी स्पॅनिशला दिली. अशी भाषा बनवणारे प्रशिक्षक थोडे.

२०१९ साली, ऐंशी वर्षांचे असताना, मेनोत्तींना अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघांचे संचालक नेमले गेले. प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, रोसारिओजवळच्या पुहातो गावचे. स्कालोनींचा संघ दोन्ही घराण्यांचा नव्हता किंवा दोन्हींचा होता. प्रत्येक सामन्याला वेगळी मांडणी, आणि मध्ये मेस्सी. डिसेंबर २०२२ मध्ये कतारला फ्रान्सशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि सामना पेनल्टींवर गेला. फ्रान्सचा चुआमेनी फटका मारायला आला तेव्हा गोलरक्षक एमिलियानो मार्तिनेसने चेंडू त्याच्या हाती न देता दूर भिरकावला. चुआमेनीला तो चालत जाऊन आणावा लागला, आणि त्याचा फटका गोलाबाहेर गेला. अर्जेंटिना जिंकली. मेनोत्ती ५ मे २०२४ रोजी गेले, तोवर संचालकपद त्यांच्याकडेच होते. मार्तिनेसचे ते भिरकावणे एन्गान्यो म्हणायचे की त्राम्पा? नियमात बसणारे होते, आणि चेंडूने चकवणे नव्हते. फ्रेंचांनी लबाडी म्हटले. रोसारिओच्या रस्त्यांवर त्या रात्री जे नाचत होते, त्यांना तो शब्द सुचला नाही.